रांगेबाहेरचा राजा

कास्परबद्दल चांगलं लिहायचं नाही, असं ठरवूनच मी बसलो आहे. चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. आमच्या घरातच तिघं आहेत: माझे वडील, माझी बायको आणि गोठ्यातली म्हैस. घोडेगावच्या बाजारात आजही कुणीतरी हटकतंच, "काय मास्तर, तुमचा राजा काय म्हनतोय?" हे 'तुमचा' ऐकलं की माझ्या पोटात दुखायला लागतं. तो माझा कधीच नव्हता. तो आबांचा होता.

आबा म्हणजे माझे वडील. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींचे दलाल म्हणून त्यांनी जन्म काढला. जिल्ह्याचं नाव बदललं तरी त्यांच्या तोंडात अजून नगरच आहे, आणि नगरपासून पार नेवाश्यापर्यंत म्हैस घ्यायची तर आधी आबांना दाखवायची, असा त्यांचा दरारा. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. स्वतःची तारीफ स्वतःच करायची आणि दुसऱ्यानं केली तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून झापायचं.

आमच्या बाजारात जाणते लोक भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात उपरण्याखाली जातात. आत बोटं दाबली जातात, सोडली जातात, आणि वर दोघंही उसाच्या तोडीचं नाही तर पोरीच्या लग्नाचं बोलत असतात. नुसता भावच नव्हे, तर 'थांब', 'पटलं', 'माझ्यावर सोड' असंही सगळं त्या बोटांनी बोलता येतं म्हणे. 'म्हणे' अशासाठी की मला ते येत नाही. लहानपणी मी एकदा आबांच्या उपरण्याखाली हात घातला होता. त्यांनी तो मनगटाला धरून बाहेर ओढला. "हे तुज्यासाठी न्हाई. तू साळा शिक."

मी शाळा शिकलो. इंग्रजीचा मास्तर झालो. तो हात मी पुन्हा मागितला नाही. एकुलता एक मुलगा होतो, आज ना उद्या आबा आपणहून देतील असं धरून चाललो होतो. घरच्या वारसाला कधी मागावं लागतं का?

आणि मग हा आला.

आमच्या गावाजवळ दुभत्या जनावरांवर काम करणारी एक संस्था आहे. तिथं युरोपातल्या कुठल्याशा चिमुकल्या देशाचा राजपुत्र कामाला आलाय, अशी बातमी एके दिवशी गावात फुटली. खराखुरा राजपुत्र. आजोबा राजे होते, आता काका राजे आहेत. कास्पर ह्या त्याच्या नावामागं आणखी इतकी नावं होती की संस्थेच्या मॅनेजरनं ती सांगताना मध्ये दोनदा श्वास घेतला. त्या मॅनेजरनंच मला बोलावलं. "सर, साहेबांना आबांकडून म्हशी घ्यायच्यात. तुम्ही मध्ये बोलायला या."

त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. खरं सांगायचं तर आदल्या दिवशी दाढीही करून घेतली होती. माझं इंग्रजी आबांच्या कधी कामी पडेल असं मला वाटलं नव्हतं, आणि आता भर बाजारात, सगळ्या दलालांच्या समोर, आबा माझ्या तोंडाकडं बघत उभे राहणार होते. जीपमधून एक उंच, लाल नाकाचा, तिशी उलटलेला माणूस उतरला. पायात गावठी चप्पल. त्यानं आबांपुढं हात जोडले आणि म्हणाला, "राम राम आबा. म्हशी बघायला आल्तो. चांगल्या हायेत का?"

आधीचे काही महिने तो संस्थेच्या गोठ्यात धारा काढणाऱ्या बायकांबरोबर राहिला होता आणि तिथलं मराठी त्यानं उचललं होतं. माझं मराठी पुस्तकी, त्याचं गोठ्यातलं. आबा खूश होऊन हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तू जा आता. साळंला उशीर हुईल तुला."

मी गेलो. शर्टाची इस्त्री शाळेपर्यंत टिकली, एवढंच.

त्या दिवशी त्यानं म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी तिला "माफ करा" म्हटलं, आणि आबांनी ते पाहिलं. घरी येऊन जेवताना आबा आईच्या फोटोकडं बघत म्हणाले, "जनावराला आधी इचारतोय. ह्याच्यापाशी म्हैस दूध चोरनार न्हाई." बाहेरच्या माणसाची अशी तारीफ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. घरच्या माणसाची तर ऐकलीच नव्हती.

पुढं तो आमच्या घरी यायला लागला. यायची वेळ ठरलेली असायची आणि त्या वेळेला तो दारात उभा असायचा. आमच्याकडं पाहुणा वेळेवर आला तर घरच्यांची धांदल उडते, तशी सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, पहिल्या वेळी उडाली. नंतर तीच घड्याळ बघून भाकरी थापायला लागली. जेवण झालं की हा पठ्ठ्या स्वतःचं ताट उचलून मोरीवर घासायला बसायचा. मी सुनंदाला म्हटलं, "त्याला नको म्हण ना." ती म्हणाली, "अहो, राजाचा पोरगा ताट घासतोय, घासू द्या की. तुम्ही कोणत्या गादीवर बसला होता आजवर?" मी उठून हात धुवायला गेलो. 

त्याच्या खोडी एकेक अशा होत्या की राग यावा आणि राग येतो हे सांगताही येऊ नये. घरात कुणीही आलं की तो उठून उभा राहायचा. पोस्टमन आला, उभा. शेजारची म्हातारी विरजण मागायला आली, उभा. ती बिचारी घाबरून विरजण न घेताच परत गेली. गावातल्या प्रत्येक माणसाचं नाव तर त्याच्या लक्षात असायचंच, पण त्याच्या गाईचंही असायचं. मी त्याला विचारलं, हे कसं जमतं? म्हणाला, "सर, आमाला ल्हानपनी हेच शिकवत्यात. लोकांची नावं पाठ करायची. दुसरं काय काम न्हाई आमाला." त्याच्या खिशात एक पांढरा रुमाल असायचा, कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा मुकुट विणलेला. त्या रुमालानं तो म्हशीच्या शेणाचे शिंतोडे पुसायचा आणि रोज रात्री स्वतः धुऊन टाकायचा. मला तो रुमाल फार आवडायचा. कुणाला सांगितलं नाही.

गादीचा विषय आबांनीच काढला. दुपारी अंगणात चहा चालला होता. आबा म्हणाले, "राजा, तुजा चुलता गादीवर. मंग तू हितं शेनात काय करतोस रं?"

तो सांगायला लागला. वडिलांनी राजाची परवानगी न घेता लग्न केलं. आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती. त्यांच्याकडचा कायदा असा की अशा लग्नाच्या मुलांना नाव मिळतं, मान मिळतो, पण गादीच्या रांगेत उभं राहता येत नाही. मी मनात ते सगळं नीट मराठीत मांडत होतो, वारसाहक्क, क्रम वगैरे. तेवढ्यात आबा म्हणाले, "म्हंजे नाव हाय, पन सातबाऱ्यावर न्हाई."

सातबारा म्हणजे काय ते आबांनी त्याला समजावलं. जमीन कुणाची हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो, आणि ज्याच्यापायी आमच्याकडं सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात तो. कास्परला ते इतकं पटलं की तो मांडीवर थाप मारून हसला. "व्हय आबा! सातबाऱ्यावर न्हाई!"

"मंग चुलत्याशी बोलनं हाय का?"

"हाय. नाताळाला."

"आन केस?"

"केस न्हाई."

आबा मान हलवत म्हणाले, "तुमची भाऊबंदकी लई कच्ची हाय बाबा."

मग आबांनी त्याच्या वडिलांचं विचारलं. कास्परचं हसू जरा कमी झालं. वडील चांगले आहेत, म्हणाला, पण त्यांच्या घरात बोलायची पद्धत नाही. वाढदिवसाला वडील हात मिळवतात. तेवढाच हात. आबांनी कपातला चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढं सरकवली. माझ्या आठवणीत आबांनी माझ्यापुढं कधी बशी सरकवलेली नाही.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला त्याला प्रमुख पाहुणा केलं. सूत्रसंचालन दरवर्षी माझं असतं, आणि खोटं कशाला बोलू, ते बरं असतं. ह्या वर्षी माझ्या एकाही वाक्याला टाळी पडली नाही, कारण सगळी शाळा त्याच्याकडं बघत होती. फोटोच्या वेळी मुख्याध्यापक त्याला मधल्या खुर्चीवर बसा म्हणाले, तर हा सरळ चालत गेला आणि शेवटच्या रांगेत कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर जाईल असा उभा राहिला. हीही त्याची कायमची सवय. गावातल्या कुठल्याही फोटोत तो कडेलाच सापडेल. घरच्या फोटोत त्याची जागा लहानपणापासून तीच होती, ती त्याच्या पायांना पाठ झाली होती. तो फोटो शाळेच्या कार्यालयात लावला आहे. मधोमध मी आहे. येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "तो कडेचा गोरा कोण?"

इथवर माझं पोट दुखणं साधंच होतं. खरी आग त्यानंतर लागली.

आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. म्हशीचे दात बघायला त्यांना दुसऱ्याचे डोळे लागायला लागले. बाजाराच्या दिवशी मी शाळेत असायचो, म्हणून कास्पर त्यांच्याबरोबर जायचा. एकदा सुट्टी होती म्हणून मी आबांचा डबा घेऊन बाजारात गेलो. आबा लिंबाखाली बसले होते, शेजारी कास्पर. मी जवळ पोचलो तेव्हा तो म्हणत होता, "आबा, मला ते शिकवा. हाताचं."

मी थांबलो. मला खात्री होती की आबा ओरडणार. आबा म्हणालेही, "तुला कशाला?"

"मला यायला पायजे."

एवढंच. काही कारण नाही, आढेवेढे नाहीत. आबांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं, आणि खांद्यावरच्या उपरण्याची कड उचलली. कास्परचा हात आत गेला.  आबांचे ओठ हलत होते, कास्परची मान हलत होती. मी डबा लिंबाच्या बुंध्याशी ठेवला आणि परत आलो. वाटेत मोटारसायकल दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा मी तिला लाथ घातली.

वर्षभरात तो तयार झाला. हेडी लोक, म्हणजे गावोगाव फिरून जनावरं विकणारे व्यापारी, सहसा कुणाला दाद देत नाहीत. तेही म्हणायला लागले, "आबाच्या राजाचा हात सच्चा हाय." आबांचे गुडघेही आता कुरकुरत होते. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की येत्या बाजाराला आपण शेवटचं बसणार.

आमच्या बाजारात रीत अशी आहे की म्हातारा दलाल उठताना आपलं उपरणं ज्याच्या खांद्यावर टाकतो, त्याला बाजार त्याच्या जागी मानतो. आबांनी मला मुद्दाम सांगितलं, "रजा काड. ये." मी रजा काढली. इस्त्रीचा शर्टही घातला. म्हणा वेडा, पण मला वाटलं होतं. धंदा मला करायचा नव्हता, आबांनाही ते माहीत होतं. पण एकदा, सगळ्यांच्या देखत, ते उपरणं माझ्या खांद्यावर पडावं, मग मी ते घडी करून कपाटात ठेवीन, एवढीच माझी इच्छा होती.

आबा उठले. लिंबाखाली सगळे गोळा झाले होते. मी त्यांच्या उजव्या हाताला, कास्पर नेहमीप्रमाणे गर्दीच्या कडेला. आबा माझ्यासमोरून चालत गेले, डोळे किलकिले करत त्यांनी त्याला शोधलं, आणि उपरणं त्याच्या खांद्यावर टाकलं.

मला कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. तेवढ्यात कास्परनं ते उपरणं खांद्यावरून काढलं, दोन्ही हातांवर नीट धरलं, माझ्यापुढं येऊन उभा राहिला आणि आबांना म्हणाला, "आबा, हे सरांचं हाय. ते तुमचे मुलगे हायेत. माजा नंबर न्हाई."

 त्याला वाटलं, आपण फार सभ्यपणे वागलो. ज्या घरात तो वाढला तिथं रांग मोडणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा, आणि माझी जागा तो घेऊच शकत नव्हता. पण आमच्याकडं खांद्यावर पडलेलं उपरणं काढून देणं म्हणजे चारचौघांत देणाऱ्याचा शब्द मोडणं. ठरलेला सौदा मोडणाऱ्याला आमच्या बाजारात पाणीसुद्धा विचारत नाहीत. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"मी दिल्यालं परत करनारा तू कोन रं?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "सातबारा इचारला व्हता का तुला? मी हात बघून दिलं."

ते एकटेच काठी टेकत रस्त्याकडं निघाले. कास्परनं उपरणं माझ्या हातात ठेवलं. भिकेसारखं मिळालेलं. राजानं दान केलेलं.

त्यानंतर आबा कास्परशी बोलेनात. तो वेळेवर यायचा, अंगणात उभा राहायचा, आबा भिंतीकडं तोंड करून बसायचे. मला आनंद व्हायला हवा होता, आणि दोन-तीन दिवस तो झालाही. सुनंदाला मी पिठलं करायला सांगितलं. पण मग एक गोष्ट ध्यानात आली. तो गेला की आबा हळूच विचारायचे, "जेवला का त्यो?" जेवणही कमी केलं होतं त्यांनी, अर्धी भाकरी टाकून उठायचे. मी जन्मात कितीदा त्यांच्या मनाविरुद्ध वागलो. ओरडले, शिव्या घातल्या, दुसऱ्या मिनिटाला विसरले. माझ्यावर ते असे कधी रुसले नाहीत. आबांचा रुसवासुद्धा त्यानंच नेला.

असं चाललं असतानाच त्याच्या घरून फोन आला. वडिलांना झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली. तो निघाला. बॅग जीपमध्ये टाकून आधी आमच्याकडं आला. आबांना मीच सांगितलं. ते हलले नाहीत, पाठ तशीच.

कास्पर त्यांच्यासमोर जाऊन जमिनीवर बसला. माफी मागितली नाही. खिशातून तो मुकुटाचा रुमाल काढला, आबांच्या हातावर पसरला आणि त्याखाली आपला हात घातला. मी आणि सुनंदा दारात उभे. रुमाल छोटा, चार बोटं बाहेर दिसावीत एवढा, तरी आत काय चाललंय ते कळेना. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. एकदा आबांनी जोरात नकारार्थी मान हलवली. मग कितीतरी वेळ तो रुमाल नुसता स्थिर होता. शेवटी आबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या हातानं त्याच्या डोक्यावर एक टपली मारली.

तो गेला. रुमाल आबांच्या हातावरच राहिला. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"उपरन्याखालचं सांगत नसत्यात," आबा म्हणाले.

"उपरणं कुठंय? रुमाल आहे."

"मंग रुमालाखालचं."

ह्या गोष्टीला आता काही काळ झाला. गेल्या थंडीत सुनंदानं मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून काढला. त्यांच्या देशाचा कसलासा सण, राजवाड्याच्या पायऱ्यांवर सगळं घराणं उभं, बँड वाजतोय. आबांचं ऑपरेशन मी शेवटी भांडून करून घेतलं होतं, त्यामुळं त्यांना दिसत होतं. ते बाजेवर गोधडी पांघरून बसले होते. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. मधे राजा, राणी, पुढचा राजा, त्याची पोरं. कास्पर कुठंच नाही. मग कॅमेरा सरकला आणि अगदी कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर, तो दिसला. त्याच्या पुढ्यात चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा, तोंड जरा वाकडं झालेला, मांडीवर जाड कांबळं. कास्पर वाकून उभा होता आणि त्याचा एक हात त्या कांबळ्याखाली होता. सगळं घराणं समोर बघत होतं. हे दोघं कुठंच बघत नव्हते. मधेच म्हाताऱ्याच्या वाकड्या तोंडावर हसू आलं.

जगात लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. तो हात तिथं काय करतोय, हे आमच्या अंगणाबाहेर कुणाला कळलं नसेल.

"बोलतोय म्हाताऱ्याशी," आबा म्हणाले. ते मोबाईलवर आणखी वाकले. "शिकवलं बग त्यानं बापाला."

मला काय झालं ठाऊक नाही. इतका हेवा मला त्या बाजारातही वाटला नव्हता. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेला मी मास्तर, मोबाईल बाजूला ठेवला आणि म्हणालो, "आबा, मला शिकवा. हाताचं."

आबांनी माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हैस बघतात तसं.

"तुला कशाला?" ते म्हणाले. "तुला पेन्शन हाय."

आणि त्यांनी गोधडीची कड उचलली.

त्यांचा हात खरखरीत आणि गरम होता. पहिल्याच दाबाला मी चुकलो. आबा वैतागून म्हणाले, "राजाला हे एका दमात आल्तं." तेव्हा आमच्या घराच्या रांगेत माझा नंबर दुसरा लागला आहे. पहिल्या नंबरवर एक रांगेबाहेरचा माणूस आहे, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून तसाच आहे.